रुग्णवाहिकेचा परवाना आणि आपला हक्क

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त संस्थेने घेतलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'रुग्णवाहिका आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेचे परवाने' असे सांगितले. ते क्षणभर गप्पच राहिले. या व्यासपीठावरून शिक्षण, आरक्षण, धम्म, व्यसनमुक्ती असे विषय मांडले जातात आणि ते मांडले गेलेच पाहिजेत. परवाना हा विषय मात्र कचेरीतला वाटतो. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. आम्ही कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. पण परवाना म्हणजे काय, तो कोणी कोणाला द्यायचा, मोडला तर कोणी काढून घ्यायचा, हे आमच्या रोजच्या पोटापाण्याचे प्रश्न आहेत. म्हणून हा विषय आम्ही आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

सुरुवात बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका अपघातापासून करू. तारीख आहे २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याकडील दौऱ्यावर होते. परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तेथील महारवाड्यातील मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. टांगा ठरवायला गेले तर एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी नेणे वस्तीला पटेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायला मात्र वस्तीतलाच माणूस बसवायचा. त्या माणसाने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरील फरशीच्या पुलावर, ज्याला कठडा नव्हता, तेथे चाक अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या लेखनात त्यांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

विद्यार्थ्यांनी हा प्रसंग एका वेगळ्या नजरेने पाहावा. ज्याला हाकता येत होते त्याने नकार दिला. जो तयार होता त्याला हाकता येत नव्हते. कौशल्य एकीकडे आणि आपुलकी दुसरीकडे, अशी दोन्हींची ताटातूट झाली की माणूस फरशीवर आपटतो.

त्याच लेखनात काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. तीही १९२९ सालचीच. त्याची पत्नी बाळंतपणानंतर तापाने फणफणली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील वजनदार मंडळींनी मध्यस्थी केल्यावर तो वस्तीबाहेर थांबायला कबूल झाला, आणि बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला, आणि परत त्याच वाटेने तो डॉक्टरकडे गेला. न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरने सांगितले, पण रोग्याला हात लावला नाही. ती बाई दगावली. त्या डॉक्टरकडे पदवी होती. वैद्यकी करण्याचा अधिकार त्याला मिळालेला होता. त्या अधिकाराला एक गोष्ट जोडलेली नव्हती, ती म्हणजे नकार न देण्याचे बंधन.

आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. परवाना म्हणजे नुसती मुभा असता कामा नये. अंगी कसब असल्याची खात्री आणि दारात आलेल्याला परत न पाठवण्याचे बंधन, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असल्या पाहिजेत.

हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असता तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. आपला इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून ते करीत नाहीत, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. हे आपण प्रवचनांतून ऐकलेले आहे. परंतु त्यानंतर काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. त्यांनी संघ गोळा केला आणि नियम घालून दिला. आजाऱ्याचे कोणी पाहावे, तर त्याच्या उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने, सहवासी भिक्खूने. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. जो पाहणार नाही त्याला दोष लागेल. एवढ्यावर न थांबता शुश्रूषा करणाराच्या अंगी काय असावे तेही सांगितले. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य-अपथ्य कळले पाहिजे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. मलमूत्र, वांती यांची त्याला किळस नसावी. आणि आजाऱ्याला धम्माच्या बोलाने धीर देता यावा. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणाचे कर्तव्य, कोणती पात्रता आणि चुकल्यास काय, या तिन्ही गोष्टी येथे ठरवून टाकल्या आहेत. करुणा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४५ लाखांवर लोकसंख्या. अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी पाड्यापासून नगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. नगर-मनमाड, पुणे-नाशिक, कल्याणहून येऊन पाथर्डीकडे जाणारा, असे तीन मोठे वाहतुकीचे रस्ते या जिल्ह्यातून जातात. गळीत हंगामात याच रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे लाल दिवा नसलेल्या, ऊस वाहणाऱ्या गाड्या रात्रभर चालतात. त्या उसाच्या मोळ्या बांधणारे हात बहुतांशी आपल्यासारख्यांच्याच घरचे आहेत. अंधारात ट्रॉलीवर आदळणारे मोटारसायकलस्वारही पुष्कळदा आपल्यासारख्यांच्याच घरचे असतात.

अशाच एका घरची माणसे एकदा सकाळी बँक उघडताच आमच्या काउंटरसमोर आली. दागिन्यांवर कर्ज हवे होते. मंगळसूत्र फडक्यात बांधलेले होते. मुलाला रात्री अपघात झाला होता. एका खाजगी गाडीतून त्याला नेले होते. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'कार्डियाक' असे रंगवलेले होते, भाडेही त्या अक्षरांना शोभेल असेच घेतले. आत ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो लावणारे कोणी नव्हते. वडिलांनी रस्ताभर मुलाचे डोके मांडीवर धरून ठेवले. मुलगा वाचला, ही समाधानाची गोष्ट. परंतु आम्हाला तेव्हापासून एक प्रश्न सतावतो आहे. ते अक्षर गाडीवर रंगवण्याची परवानगी कोणी दिली?

आम्ही कायदा उघडून पाहिला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने माणसे वाहणाऱ्या गाडीला परमिट लागते. रिक्षाला लागते, टॅक्सीला लागते, काळी-पिवळी जीपला लागते. त्याच कलमात पुढे सूट दिलेल्या गाड्यांची यादी आहे, आणि केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीला परमिटमधून सूट आहे. हेतू चांगला आहे. मरणाच्या दारातल्या माणसाची गाडी परमिटच्या कागदासाठी नाक्यावर अडू नये. पण परिणाम असा झाला की, स्टेशनवरून दिल्ली गेटला नेणाऱ्या रिक्षावाल्याला परमिट, बिल्ला, गणवेश सगळे पाहिजे, आणि बेशुद्ध माणसाला पुण्यापर्यंत नेणाऱ्याला मात्र आर.टी.ओ.कडची नोंदणी, गाडीच्या योग्यतेचा दाखला आणि चालकाचे लायसन्स एवढे पुरते. आर.टी.ओ. इंजिन तपासतो, ब्रेक तपासतो. आत बसलेल्या माणसाला नाडी पाहता येते की नाही हे तपासणे त्याचे काम नाही, आणि ते नेमके कोणाचे काम आहे हे त्या कायद्यात सांगितलेले नाही.

गाडीच्या बांधणीबाबत मात्र पुष्कळ सुधारणा झाली आहे, हे नमूद केले पाहिजे. रुग्णवाहिकेची राष्ट्रीय संहिता आली आणि एप्रिल २०१८ पासून नव्या गाड्यांना ती लागू झाली. तिच्यात अ, ब, क, ड असे चार प्रकार आहेत. पहिली प्रथमोपचारासाठी धावणारी, दुसरी रोग्याला नुसते ने-आण करणारी, तिसरी मूलभूत जीवरक्षक आणि चौथी प्रगत जीवरक्षक. आत स्ट्रेचर कसे बसवावे, जागा किती असावी, दिवे व रंग कसे असावेत, हे तिच्यात आहे. म्हणजे डब्याचे मोजमाप ठरले. डब्यातल्या माणसाचे काय?

येथे आम्हाला आमच्या धंद्यातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. बँकिंग नियमन कायदा १९४९ सालचा. बँक चालवायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना हवा. परवाना मिळाला म्हणजे सुटलो असे नाही. तपासणी होते, ताळेबंद मागितला जातो, आणि कारभार बिघडला तर परवाना जातो. आपल्या शहरातील नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, हे आपल्यापैकी अनेकांना चांगलेच ठाऊक आहे. ठेवीदारांना ठेव विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेने तरी थोडा आधार मिळाला. पैशाच्या बाबतीत परवाना देणारा कोण, तपासणारा कोण, काढून घेणारा कोण आणि नुकसान झाले तर निदान किती मिळेल, ही चारही उत्तरे तयार आहेत. ती उत्तरे मिळायला उशीर होतो, लोक हेलपाटे घालतात, हे खरे; तरी उत्तरे आहेत. जिवाच्या बाबतीत रस्त्यावरच्या त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी ही चार उत्तरे विचारून पाहा.

रुग्णालयांसाठीचा कायदाही योगायोगाने १९४९ सालचाच आहे. तो शुश्रूषागृह नोंदणी कायदा. खाजगी रुग्णालयाची नोंदणी त्याखाली करावी लागते. बहात्तर वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, राज्य शासनाने त्याच्या नियमांत महत्त्वाची दुरुस्ती केली. रुग्णहक्कांची सनद आणि निरनिराळ्या सेवांचे दर रुग्णालयाने लोकांना दिसतील असे लावले पाहिजेत, तक्रारीसाठी व्यवस्था असली पाहिजे, असे ठरले. आपण रुग्णालयात गेलो की प्रथम गणपतीचा किंवा साईबाबांचा फोटो पाहतो. शेजारी ही सनद आहे का तेही पाहत जावे. नसेल तर विचारावे. विचारणे हा गुन्हा नाही.

या कायद्याला एक मोठे छिद्र आहे. शासनाने व स्थानिक संस्थांनी चालवलेली रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत. गरीब माणूस जेथे जातो तेथेच नोंदणीचा कायदा लागू नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी कोरोनाचे ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. दिवाळीतला भाऊबीजेचा दिवस होता. त्या घटनेतील दोषारोपात आम्हाला शिरायचे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जो शासन म्हणून दुसऱ्याला परवाना देतो, त्याच्या स्वतःच्या दवाखान्याची तपासणी करणारा तिसरा कोणी तरी असला पाहिजे. घरचा हिशेब घरच्यानेच तपासायचा नसतो, हे पतसंस्थेच्या साध्या लेखापालालाही कळते.

न्यायालयांनी आपल्यासाठी काय केले ते आता थोडक्यात पाहू. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमी माणूस समोर आला की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावा. पोलिसी कागदपत्रे नंतर. पुढे १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचे शेतमजूर रेल्वेतून पडले. डोक्याला मार लागलेला. त्यांना एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरवले. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. मे १९९६ मध्ये निकाल लागला. वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे असे न्यायालयाने ठरवले, २५ हजार रुपये भरपाई दिली, आणि पैशाची अडचण ही राज्याला सबब होऊ शकत नाही असेही बजावले. रुग्णवाहिकांची योग्य व्यवस्था करावी, ही सूचना त्याच निकालात आहे. एका शेतमजुराच्या संघटनेने देशाचा कायदा पुढे नेला. आपल्या तरुणांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आमच्या मते या निकालाचे खरे महत्त्व कलम २१ मध्ये आहे. उपचार ही मेहेरबानी राहिली नाही, तो मूलभूत हक्क झाला. आणि ते कलम ज्यांच्या देखरेखीखाली घटनेत आले त्यांचा पाय चाळीसगावी मोडला होता.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. राज्यात ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक व ७०४ मूलभूत, प्रत्येक गाडीत डॉक्टर, आणि रोग्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. पुण्यातील नियंत्रण कक्षातून ती चालते. वाड्या-वस्त्यांवरील कितीतरी बाळंतिणी, सर्पदंश झालेले शेतमजूर, अपघातग्रस्त या गाडीने वाचले. फोन केला तर जात विचारली जात नाही, ठेव मागितली जात नाही. आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. गाडी कधी उशिरा येते, कधी दुसऱ्या तालुक्यातून यावी लागते, हीही वस्तुस्थिती आहे. २०२४ च्या नव्या करारात गाड्यांची संख्या वाढवण्याचे ठरले, आणि त्या करारावर राज्यात बराच वादही झाला.

आमचा मुद्दा 'करार' या शब्दाशी आहे. १०८ ही सेवा शासन आणि कंपनी यांच्यातील करारावर चालते. किती वेळात पोहोचावे, आत कोण असावे, न पोहोचल्यास दंड किती, हे करारात लिहिलेले असते. पण करार हा दोघांमधला असतो. रस्त्यावर पडलेला माणूस त्यात पक्षकार नसतो. बँकेतल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय करार झाला तो १०८ च्या गाड्यांपुरता. बाहेरच्या शेकडो खाजगी गाड्यांना तो शिवतही नाही. शेजारच्या गुजरातने २००७ साली तातडीच्या वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यासाठी प्राधिकरणाची तरतूद केली. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. आगाऊ पैसे न मागता तातडीचे उपचार, हा त्याचा कणा आहे. डॉक्टरांनी त्याला कडाडून विरोध केला, संपही केला. शासनाने पैसे वेळेवर दिले नाहीत तर आम्ही रुग्णालय चालवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तरीही कायदा झाला. महाराष्ट्रासारख्या राज्याला, शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या राज्याला, असा कायदा अजून सुचू नये याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

भाड्याबद्दलही थोडे सांगतो. कोरोनाच्या काळात काही ठिकाणी दोन-चार किलोमीटरला हजारो रुपये घेतले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवण्यास राज्यांना सांगितले. दर ठरवण्याचा अधिकार परिवहन खात्याकडे आहे. दर ठरलेला असेल तर तो गाडीत लावलेला पाहिजे, रिक्षात मीटर असतो तसा. रोग्याचे नातेवाईक त्या घडीला घासाघीस करू शकत नाहीत. म्हणून हा भाव आधीच ठरलेला हवा.

एवढे सगळे परवान्याच्या बाजूने बोललो. आता एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी तालुका, डॉक्टर गावात जायला तयार नाहीत. त्यांनी गावागावातून बायका निवडल्या, त्यांत पुष्कळ दलित आणि बऱ्याच निरक्षर. त्यांना शिकवले. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, जखमेची काळजी, कोणता रोगी केव्हा मोठ्या दवाखान्यात धाडायचा, हे त्या शिकल्या. काल ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या हातून सवर्ण घरातली बाळंतपणे होऊ लागली. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे गावाला पाण्यासाठी तेथे यावे लागले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे जामखेड पाहायला येऊ लागली.

उद्या जर कोणी असा कायदा केला की, पदवीचा कागद असल्याशिवाय जखमेला हात लावायचा नाही, तर त्या बायका पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरतील. परवान्याच्या नावाखाली दार बंद करण्याची विद्या या देशात फार जुनी आहे. शिकायचा अधिकार कोणाला, हे ठरवणाऱ्यांनीच आपल्याला कित्येक शतके बाहेर ठेवले. म्हणून आपली मागणी नीट शब्दांत असली पाहिजे. जो पैसे घेऊन सेवा विकतो त्याला परवाना व तपासणी. जो शिकून मदत करतो त्याला शिक्षण व दाखला. आणि रस्त्यावरचा जो सामान्य माणूस धावून जातो त्याला संरक्षण.

हे शेवटचे संरक्षण आता मिळालेले आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात, ज्याला सुवर्णतास म्हणतात, दवाखान्यात पोहोचवणाऱ्यास केंद्र शासनाने २०२१ मध्ये पाच हजारांचे बक्षीस ठेवले, ते २०२५ मध्ये पंचवीस हजार केले. आपल्या मुलांना घरून शिकवण असते की, अपघात दिसला तर पुढे चाला, पोलीस आपल्यालाच धरतील. ही भीती अनुभवातून आलेली आहे, तिला आम्ही हसत नाही. पण कायदा बदलला आहे, हे घरोघरी सांगितले पाहिजे.

तसेच मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना केंद्राने लागू केली आहे. मंगळसूत्र फडक्यात बांधून बँकेत येणाऱ्या घराला त्या रात्री हे ठाऊक असते तर फार उपयोग झाला असता. अर्थात तेव्हा ही योजना नव्हती. आज आहे. आपल्या तालुक्यातील कोणती रुग्णालये त्या यादीत आहेत, हे विचारून ठेवणे आपल्या हाती आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. रुग्णवाहिकेत काम करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, ज्याला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन किंवा पॅरामेडिक म्हणतात, तो आता कायद्याने ओळखला जाणारा व्यवसाय आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात त्याचा समावेश आहे. बारावी झालेल्या, डॉक्टर होण्याइतके गुण किंवा पैसे नसलेल्या मुला-मुलींनी याचा जरूर विचार करावा. मात्र फी भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा परिषदेचा, मान्यता कोणत्या सालापर्यंतची, हे लेखी मागावे. दोन खोल्यांत पाटी लावून 'पॅरामेडिकल' शिकवणारी दुकाने निघाली आहेत. शैक्षणिक कर्जाच्या फायली पाहताना अशी नावे आमच्या नजरेखालून जातात. कर्ज बापाच्या नावावर राहते आणि दाखल्याला कोणी विचारत नाही.

आता संस्थेपुढे आमची सूचना. माहितीच्या अधिकाराखाली दोन अर्ज करावयाचे आहेत. एक परिवहन कार्यालयाकडे: जिल्ह्यात रुग्णवाहिका म्हणून किती गाड्या नोंदल्या आहेत, त्यांतील किती गाड्यांच्या योग्यतेच्या दाखल्याची मुदत संपली आहे, आणि भाड्याचे दर ठरवणारा आदेश कोणता. दुसरा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे: तालुकावार १०८ च्या गाड्या किती व कोठे उभ्या असतात, आणि नोंदणीकृत रुग्णालयांपैकी किती ठिकाणी सनद व दर लावल्याची तपासणी झाली. प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. तसेच प्रत्येक वस्तीतून दोन मुले व दोन मुली प्रथमोपचार शिकण्यासाठी निवडाव्यात. ट्रॅक्टरमालकांशी बोलून ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक पट्ट्या लावून घेण्याचे काम गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांनीच करावे.

दोन्ही अर्जांचे मसुदे आम्ही टाइप करून आणले आहेत. ज्यांना सही करावयाची आहे त्यांनी चहापानाच्या वेळी सचिवांच्या टेबलाशी यावे. प्रथमोपचाराच्या वर्गासाठी नावे लिहिण्याची वहीही तेथेच ठेवली आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.